पाचव्या भागातला दुसरा खेळाडू

असे अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलो आहे, पण विश्वास ठेवण्यासाठी कधीच वाचले नाहीत. शिवण कुठे उसवली आहे ते शोधायची सवय आहे मला. सांगणारा थकलेला असतो, घाबरलेला असतो, किंवा कुणीतरी त्याची गंमत केलेली असते. तसं काही सापडलं की मी शांतपणे पान उलटतो. गेले काही महिने मी माझ्याच अनुभवात ती जागा शोधतो आहे... अजून सापडलेली नाही. म्हणून लिहितो आहे.

मी देवळीला राहतो, एका कनिष्ठ महाविद्यालयाचं ग्रंथालय सांभाळतो. घरी आई, मी आणि धाकटा भाऊ पंकज — म्हणजे आता आई आणि मी. पंकज एकोणतीस वर्षांचा होता. आमचं स्टेशनरीचं दुकान तो बघायचा. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी त्याला ताप आला आणि पाचव्या दिवशी तो गेला. याहून जास्त मला अजून लिहिता येत नाही.

पंकजचं दुसरं जग म्हणजे व्हिडिओ गेम. कॉलेजात असताना वर्ध्याच्या एका गेम पार्लरमध्ये सात-आठ पोरं जमली होती. पुढे सगळे नोकरी-धंद्याला लागले, पार्लर बंद पडलं, पण व्हॉट्सॲप ग्रुप चालू राहिला. सगळे एकाच सिरीजचे भक्त. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर इथेही तोच वाद सुरू होईल. सिरीजचे एकूण सात भाग आहेत आणि वाद एकच — ती नेमकी कधी मेली? त्यांच्यातला गोलू म्हणायचा, तिसऱ्यानंतर. कुणी चौथ्याची बाजू घ्यायचं. सहावा आणि सातवा तर चर्चेलाही घेत नसत. मात्र एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. वाट लावली ती पाचव्याने.

का, ते पंकजने मला एकदा जेवताना समजावलं होतं. पहिले चार भाग एकट्याने खेळायचे. बुडालेलं शहर, त्यात एक माणूस, आणि त्याने वाट शोधायची. पाचव्यात कंपनीने दोन खेळाडू सक्तीचे केले. टीव्हीच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे एकाचं चित्र, उजवीकडे दुसऱ्याचं. दोघांनी शेजारी बसून दोन कंट्रोलर घेऊन खेळायचं. दुसरा माणूस नसेल तर पहिलं दारही उघडत नाही. ‘एकांताचा गेम होता, त्याची जत्रा केली’ हे गोलूचं वाक्य ग्रुपवर म्हणीसारखं चालायचं.

आणि पंकज एकटाच म्हणायचा, पाचवा सगळ्यात चांगला.

“काऊन बे?” ग्रुपवर कुणी विचारायचं.

“शेवटी रेघ जाते.”

“कोणती रेघ?”

“मधली. खेळून पाहा, मग समजन.”

हे सगळं त्याच्या फोनमध्ये मी नंतर वाचलं. पाचव्याचा शेवट ग्रुपमध्ये कुणीच पाहिलेला नव्हता. यूट्यूबवर शेवट पाहणारा वादातून बाद, असा त्यांचा नियम होता आणि तो ते धर्मासारखा पाळत. गोलूने स्वतः दोन मावसभावांना बसवून पाहिलं होतं, एका मेहुण्याला बसवून पाहिलं होतं, एकदा तर दुसरा कंट्रोलर पायांत धरून पाहिला. शेवटच्या जिन्यावर सगळे पडत. तिथे दोन बुरुज आहेत. दोघांनी एकाच वेळी, प्रत्येकाने वेगळ्या चाली करत, दहा मिनिटं न चुकता वर चढायचं. एका माणसाचं ते काम नाही. आणि ग्रुपमधला एकही जण पंकजसोबत पाचवा भाग खेळलेला नव्हता.

“मग कोणासोबत संपवला?” असं विचारलं की पंकज नुसती हसण्याची स्मायली टाकायचा. शेवटी एकदा त्याने लिहिलं, “रविवारी घरी या, दाखवतो.” त्याखाली गोलूचा एकच शब्द होता. “फेकू.”

त्या रविवारी पंकज दवाखान्यात होता.

गोलू म्हणजे वैभव. बसस्टँडजवळ त्याच्या वडिलांचं कृषी केंद्र आहे, आता तोच बसतो. तेरवीच्या दिवशी पंगत उठल्यावर तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

“बंडूदादा, एक विचारू का? रागावू नका. पंकजचा गेम... एकदा लावून पाहू द्या ना.”

मला राग आला. तेराव्या दिवशी याची नजर गेमच्या मशीनवर आहे, असं मला वाटलं. “बघू नंतर,” म्हणालो. पाहुणे गेल्यावर मशीन आणि दोन्ही कंट्रोलर लोखंडी कपाटात ठेवले आणि किल्ली माझ्या जुडग्याला लावली.

त्यानंतर गोलू दर पंधरा दिवसांनी येऊ लागला. कधी आईसाठी वावरातल्या तुरीच्या शेंगा, कधी नुसताच. आईशी बोलायचा, चहा प्यायचा आणि निघताना एकदा कपाटाकडे बघायचा. मी त्याला बघताना बघायचो. असं फेब्रुवारीपर्यंत चाललं. एक दिवस तो दारातच थांबला.

“दादा, मले मशीन नाई पाहिजे. मी त्याले फेकू म्हटलं होतं. शेवटचं बोलणं तेच झालं आमचं. तो खरं बोलत होता का, एवढंच पाहाचं हाय मले.”

मी कपाट उघडलं.

गोलूने वायरी जोडल्या. मशीनमध्ये पाचवा भाग निघाला, आणि त्यापुढे स्पष्ट लिहिलेलं होतं — पूर्ण. तो गेम प्रत्येक बैठकीची नोंद ठेवतो. दिवस, वेळ, दोन्ही खेळाडूंची नावं. गोलूने ती यादी उघडली. सगळ्या बैठका मागच्या उन्हाळ्यातल्या, सगळे रविवार, दुपारी दोन ते पाच. पहिला खेळाडू, इंग्रजी अक्षरांत, पंकज. दुसरा, बंडू.

“दादा, हे तं तुमीच.”

“मी या वस्तूला कधी हात लावलेला नाही, वैभव.”

“मग बंडू कोण हाय दुसरा?”

मला माहीत नव्हतं. पण पहिला संशय मला त्याचाच आला. मी मधे पाणी आणायला आत गेलो होतो; तेवढ्यात यानेच तर नाव टाकलं नाही? मग माझंच मला पटेना. यादीत इतक्या बैठका होत्या, आणि किल्ली तेरवीपासून माझ्या खिशात होती. गोलूच्या नजरेतही संशय होता, आणि तो माझ्यावर होता.

तो गेल्यावर मी माझी वाचनाची वही काढली. रोज काय वाचलं, कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत, एखादी ओळ टिपण म्हणून — ही वही मी कॉलेजपासून ठेवतो. यादीतला एकेक रविवार वहीशी ताडून पाहिला. त्या प्रत्येक दुपारी मी घरीच होतो. त्याच खोलीत होतो, कारण घरात कूलर एकच. खिडकीपाशी माझी खुर्ची, पंकज टीव्हीसमोर दिवाणावर. मी त्या उन्हाळ्यात एक जाडजूड चरित्र वाचत होतो. प्रत्येक रविवारी चाळीस-पन्नास पानं, आणि खाली माझ्या अक्षरात टिपण. टिपणं पुस्तकाशी जुळवून पाहिली. बरोबर होती.

एक गोष्ट मात्र आठवली. बसताना पंकज दर वेळी मान वळवून विचारायचा, “दादा, येतो का?” मी म्हणायचो, “हे पान होऊ दे.” ते पान कधी झालं नाही. दुसरा कंट्रोलर दिवाणावर त्याच्या शेजारी पडलेला असायचा, त्यावरचा छोटा दिवा लागलेला. हा बंद करायला विसरतो, असं मला वाटायचं.

आईला मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ती मेथी निवडत होती.

“आई, मागच्या उन्हाळ्यात पंकजसोबत कोण खेळायला येत होतं गं, रविवारी?”

“कोण येईन? तुमी दोघंच तं खेळत होते.”

“मी वाचत होतो.”

“असन बापा. मी चहा ठेवाले येऊ तं दोन पाठी दिसत मले. तो हसे, तू बी हसे.” मग काड्या बाजूला सारत म्हणाली, “बरं वाटे. म्हटलं चला, पुस्तकातून उठला एकदाचा.”

आई चहा ठेवते ती दारालगतच्या स्टुलावर. तिथून दिवाणावर बसलेल्या माणसाची पाठ दिसते. खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या माणसाचं तोंड दिसतं. मी खुर्ची हलवून, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तीन-चारदा पाहिलं. आई माझ्या समाधानासाठी बोलत असेल, हेही मनात आलं. पण ती तसं बोलणारी बाई नाही, आणि मी असं का विचारतो आहे हे तिला ठाऊकही नव्हतं.

सावंगीला माझा एक शाळासोबती डॉक्टर आहे. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “दुःखात माणूस बरंच विसरतो. तू खेळला असशील.” मी त्याच्यापुढे वही ठेवली. त्याने दोन-तीन पानं चाळली आणि माझी झोप कशी आहे ते विचारू लागला.

मार्च संपता संपता कूलर लावला. त्या रविवारी दुपारी गोलू आला आणि म्हणाला, “दादा, शेवटचा जिना पुन्हा खेळता येते. तुमी बसा माझ्यासोबत.”

“मला येत नाही.”

“तेच पाहाचं हाय.”

हे तो पंकजसाठी म्हणाला की मला पकडण्यासाठी, कोण जाणे. दोन्ही असावं. मी दिवाणावर बसलो. त्याने पंकजचा कंट्रोलर घेतला आणि दुसरा माझ्या हातात दिला. आधी सवयीसाठी म्हणून पहिली खोली लावली. माझा माणूस भिंतीला जाऊन धडकला आणि तिथेच पाय हलवत राहिला.

“दादा, भिंतीतून रस्ता नाई.” गोलू हसला. मीही हसलो. मला बरं वाटलं, कारण हा माझ्या बाजूचा पुरावा होता.

मग त्याने जिना लावला.

इथून पुढचं मी जपून लिहितो. काळोखात दोन बुरुज होते, मधे रेघ. गोलूने पहिलं पाऊल टाकलं, आणि माझा अंगठा हलला. कोणतं बटण कशाचं, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं, आजही येणार नाही. पण माझा माणूस चढत होता. चाक फिरवत होता, थांबत होता, पुन्हा चढत होता. ओठांवर आलेलं नाव चटकन आठवावं, तसं काहीसं बोटांत होत होतं. एका वळणावर मी म्हणालो, “थांब. पाणी उतरू दे.” स्क्रीनवर पाणी नव्हतं. दोन क्षणांनी गोलूच्या बाजूला पाण्याचा लोट आला आणि उतरला.

गोलूने एकदा माझ्या हातांकडे पाहिलं.

वर एक दार होतं. दोघांनी एकदम कडी ओढली. दार उघडलं, पलीकडे उजेड होता आणि एक साधा कट्टा. दोन्ही माणसं जाऊन त्यावर बसली. मग टीव्हीवरची मधली रेघ खालून वर हळूहळू पुसली गेली आणि दोन चित्रांचं एक चित्र झालं. इतकंच. त्यापुढे काही नाही.

गोलूने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मग फोन काढून ग्रुपवर लिहिलं, “पंकज खरं बोलत होता. रेघ जाते.” मग एकाने विचारलं, “पण तो खेळला कोणासोबत?”

गोलू माझ्याकडे वळला. “दादा, खोटं काऊन बोलले? खेळत होते तं खेळत होते. त्याच्यात लपवाचं काय?”

“मी खेळत नव्हतो, वैभव.”

“तुमाले पाणी कसं माहीत होतं मग?”

त्याने लिहिलं, “बंडूदादासोबत,” आणि मला दाखवलं. पुसायला सांगता आलं असतं... मी सांगितलं नाही.

आता गोलू रविवारी येतो. आम्ही सहावा भाग सुरू केला आहे. गोलू म्हणत होता त्यापेक्षाही वाईट आहे तो, आणि त्यात मी अजून भिंतीवर धडकतो. ग्रुपवर पंकजला आता कुणी फेकू म्हणत नाही. सगळ्यांना वाटतं, शेवटच्या उन्हाळ्यात त्याचा भाऊ त्याच्या शेजारी बसला होता. आईने तर ते पाहिलं आहे. मशीनमध्ये तशी नोंद आहे. माझ्या बोटांतही ते आहे. मी बसलो नव्हतो, याचा साक्षीदार एकटा मी, आणि माझी एक वही. माझी साक्ष कुणाला खरी वाटत नाही. आणि ती खरी नसावी, असं मलाही रोज वाटतं.

शिवण मला सापडलेली नाही. पक्कं एवढंच सांगू शकतो की त्याने विचारलं होतं, “दादा, येतो का?” आणि मी पुस्तकातून मान वर न करता म्हटलं होतं, “हे पान होऊ दे.” त्यानंतर खोलीत फक्त कूलरचा आवाज होता. निदान मला तेवढाच आठवतो.