माहेर काढलं की टोपली ताठ

वरच्या मजल्यावरच्या मावशी क्रोशाने टोपल्या विणतात. जाड सुती दोरा दुहेरी घ्यायचा, सुई मात्र बारीक, आणि टाका असा आवळायचा की टोपली रिकामीसुद्धा ताठ उभी राहिली पाहिजे. बेकरीवाल्याने पावांसाठी सहा सांगितल्या आणि बजावलं, "एक जरी बसकी निघाली तरी सगळ्या परत."

नेमकी त्याच आठवड्यात मावशींना नात झाली. बाई हवेतच. हात सैल पडला आणि टोपल्या जेवून सुस्तावल्यासारख्या एका अंगावर कलंडायला लागल्या. पहिलीच पाचदा उसवून झाली. मावशी रडकुंडीला आल्या.

तेव्हा पेपरामागून काका म्हणाले, "नात आपल्यावर गेली हे नशीब. तुझ्या माहेरचं नाक आलं असतं म्हणजे?"

"काय वाईट आहे हो आमच्या नाकात?" मावशींनी दोरा खसकन ओढला.

मग काकांनी रोज माहेरचं एकेक माणूस काढलं. थोरला भाऊ, मामा, ती गाणारी आत्या. सहाही टोपल्या भिंतीसारख्या उभ्या राहिल्या. बेकरीवाल्याने त्या दाबदाबून पाहिल्या आणि आणखी सहा सांगितल्या.

"बघ, माझ्या तोंडाचा उपयोग झाला की नाही," काका मिशीत हसले.

मावशींनी सुई त्यांच्या हातात ठेवली. "या सहा तुम्ही विणा. तुमच्या बहिणींबद्दल मी बोलते."