स्नेझानाबाईंच्या नावाचा फॉर्म

स्नेझाना पेंचेवा आमच्या तांत्रिक कॉलेजच्या उपसंचालक झाल्या, तेव्हा मी तिथे यंत्रांची रेखाटनं शिकवत होते. डॅन्यूबकाठचं आमचं गाव दरवर्षी थोडं थोडं रिकामं होत होतं. उरलेली मुलं टिकवायची कशी, हीच सगळ्यांना काळजी. बाई राजधानीत, सोफियाला जाऊन सकारात्मक मानसशास्त्र शिकून आल्या होत्या. माणसाच्या उणिवा काढण्याआधी त्याच्यात धड काय आहे ते बघावं, असं त्या म्हणत.

दर सोमवारच्या बैठकीत त्यांनी एक रीत सुरू केली. प्रत्येक शिक्षकाने आठवड्यातली एक चांगली गोष्ट सांगायची.

वेल्डिंग शिकवणारे क्रस्त्योकाका म्हणाले, "माझी दहाही बोटं शाबूत आहेत. चालेल?"

"चालेल की. किती वर्षं शाबूत ठेवलीत?"

"एकतीस."

"मग पोरांना तेच शिकवा ना, काका."

काकांनी खरंच त्यावर तास घेतला. मुलं जागची हलली नाहीत. नापास मुलाला बाई आधी विचारत, तुला काय जमतं? वर्षभरात कॉलेज सोडणारी मुलं निम्म्यावर आली.

संचालक दिमोव्ह यांना हे फार आवडलं, आणि तिथेच बाई अडकल्या. दिमोव्हनी फॉर्म छापून घेतला. वर बाईंचं नाव, खाली 'या आठवड्यातल्या तीन चांगल्या गोष्टी'. शिक्षकांनी भरायचा, मुलांनीही भरायचा. तक्रार लिहिली की फॉर्म परत यायचा.

जानेवारीत बॉयलर बंद पडला. मुलं कोट घालून वर्गात बसायची. बैठकीत मी विषय काढला, तर दिमोव्ह म्हणाले, "इथे नकारात्मक बोलायचं नाही. स्नेझानाबाईंचा नियम आहे."

बाईंचा असा नियम कधीच नव्हता. तरी त्या समोरचे कागद आवरू लागल्या.

बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, "गप्प का बसलात?"

"बोलून जाऊ कुठे, वेनेता? गावात दुसरं कॉलेज नाही. वडील अंथरुणाला खिळलेत. आणि मी गेले तर माझ्या खुर्चीत दिमोव्ह आपल्या एखाद्या होयबाला बसवतील, ते तुलाही ठाऊक आहे."

फेब्रुवारीत रालित्सा नावाची मुलगी कॉलेज सोडल्याचा अर्ज घेऊन आली. तिची आई इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करायची, इथे ती आजीजवळ राहायची. मी तेव्हा बाईंच्या खोलीतच होते. बाईंनी तिचे फॉर्म काढले. अकरा आठवडे एकच ओळ : सगळं छान आहे.

"मग कॉलेज का सोडतेस गं?"

"आजी गेली, मॅडम. नोव्हेंबरमध्ये. एकटीला घर, बेकरीतलं काम आणि कॉलेज झेपत नाही."

"आणि हे असं लिहिलंस?"

"दुसरं लिहिलं तर परत देतात. वर तुमचं नाव आहे, म्हणून मला वाटलं तुम्हालाच ऐकायचं नाही."

बाई म्हणाल्या, "माझी चूक झाली, बाळ." अर्ज त्यांनी ठेवून घेतला, पुढे पाठवला नाही.

पुढच्या सोमवारी दिमोव्हसमोर त्या उभ्या राहिल्या. "आधी दुःख ऐकल्याशिवाय चांगलं विचारायचा आपल्याला हक्क नाही. एका मुलीची आजी गेली आणि अकरा आठवडे आपल्याला पत्ता नाही. माझ्यासकट."

"हा बैठकीचा विषय नाही," दिमोव्ह म्हणाले.

"मग बॉयलर घ्या विषयाला," क्रस्त्योकाका म्हणाले. त्यांच्यामागून एकेक जण बोलू लागला. दिमोव्ह उठून गेले.

बॉयलर दुरुस्त झाला तो मार्चअखेर, थंडी आपणहून सरल्यावर. बाईंचं पद काढलं नाही, पण दिमोव्हनी त्यांच्याकडून मुलांशी बोलायचं काम काढून घेतलं आणि वेळापत्रकं हातात दिली. फॉर्म अजून चालू आहे, वर नाव त्यांचंच. ते काढा म्हणून त्यांनी दोनदा लेखी दिलं, उत्तर आलं नाही.

रालित्साचं बेकरीतलं काम सकाळी असे, म्हणून तिचे प्रात्यक्षिकाचे तास आम्ही दुपारी घेतले. ती पास झाली आणि आईकडे निघून गेली. तिच्यासारखी एखादी अजूनही वेळापत्रक विचारायच्या निमित्ताने बाईंच्या खोलीत येते. बाई दार लावून घेतात आणि आधी तिचं ऐकतात. निवृत्तीला त्यांची सहा वर्षं बाकी आहेत.