रेडिएटरमधली हळद

ही वही कुणी उघडलीच, तर आधी माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. चार माणसांत मला बोलताही येत नाही. पण गाडीच्या पाण्यातलं मला कळतं, हे न लाजता लिहिते.

आमचं गाव अवसरी. यांची जुनी जीप होती. मंचर ते लोणी सीटं भरून न्यायचे. सकाळी धारा काढून झाल्या की जीपमध्ये पाणी घालायचं काम माझं. इंजिन गार असतानाच रेडिएटरचं झाकण काढायचं आणि तांब्यानं मोजून पाणी ओतायचं. आधी एका तांब्यावर भागायचं. मग दोन लागायला लागले, मग चार. जीपखाली गोणपाट अंथरलं, तर सकाळी पुढच्या बाजूला ओलं. रेडिएटर गळत होता.

स्टँडवरच्या एका ड्रायव्हरनं यांना सांगितलं, चमचाभर हळद टाका, भोक बुजतं. यांनी टाकली आणि गळायचं थांबलं. आठ दिवसांनी पुन्हा गोणपाट ओलं. मग मी यांना न सांगता मूठभर टाकली. विळीनं बोट कापलं की आपण हळद दाबतो, तसंच हे, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक मूठ. असे पंधरा दिवस. गोणपाट कोरडं ठणठणीत! मी मनातून खूश.

त्याच दिवसांत आम्ही आळेफाट्याला लग्नाला निघालो. नारायणगाव सोडलं आणि काटा लालवर गेला. पुढून वाफ निघाली. हे उतरून झाकणाला हात घालणार, तेवढ्यात मी ओरडले, "हात लावू नका, तोंड भाजंल!" अर्धा तास थांबलो. फडकं धरून झाकण काढलं, तर अर्ध्या तांब्यातच पाणी तोंडाशी आलं. गळती नाही, पाणी भरलेलं, तरी गाडी तापते. मला माझ्या मुठी आठवल्या.

थांबत थांबत आळेफाट्याचं गॅरेज गाठलं. फिटरनं इंजिन ऐकलं आणि म्हणाला, "भाऊ, इंजिनाचं हेड उतरवावं लागंल. आठ हजार धरून चाला."

"आठ हजार? मग जीपच इकावी लागंल, राव."

"इका की. गिऱ्हाईक मी आणतो."

मी पदर तोंडाशी धरून मागे होते. गप्प बसले असते, तर माझ्या मुठींपायी जीप गेली असती.

"भाऊ, हेड उतरवू नका," मी म्हणाले. "आधी रेडिएटर बघा."

"वहिनी, तुमी बी फिटर हाय का?"

"नाय. पण त्यात हळद हाय."

"किती?"

"रोज मूठभर. पंधरा दिस."

हे गर्रकन वळले. "म्या तर एकच चमचा टाकला व्हता!"

फिटरनं रेडिएटर चाचपला. वर हात ठेववेना, खालून जवळजवळ गार. पाणी खाली उतरतच नव्हतं. त्यानं तो काढून उघडला, तर नळ्या पिवळ्या चिखलानं गच्च.

"वहिनी, जेजुरीला जायचं सोडून भंडारा हितंच उधळला व्हय!"

गॅरेजातली सगळी हसली. हेसुद्धा. मीही पदराआड हसले.

नळ्यांत सळई घालून त्यानं एकेक नळी मोकळी केली, भोकाला कथलाचा डाग मारला, हिरवं कूलंट भरलं. काटा मध्यावर येऊन थांबला तो हललाच नाही. लग्न तेवढं हुकलं.

नऊशे रुपये झाले. यांच्या खिशात तीनशे होते. हे काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "हळद माझी, बाकीचं मी देणार. दुधाच्या पगारातनं."

डेअरीचा पगार दर दहा दिवसांनी व्हायचा. प्रत्येक पगाराचे शंभर मी बाजूला काढायची आणि हे फिटरला पोचवायचे. सहाव्या वेळी मात्र मीच यष्टीनं आळेफाट्याला गेले. फिटरच्या हातावर शंभराची नोट ठेवली आणि म्हणाले, "मोजा भाऊ, सहाशे पुरे झाले."

"झाले, वहिनी," तो म्हणाला. "फिटले समदे."