फोडणीवरचा आळ

दाजींना आसवाच्या बाटल्या मी आणून देत होतो, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, अक्काला तर नाहीच.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. निरगुडसरला त्यांची शेती. आमचे वडील लवकर गेले, माझं शिक्षण दाजींनीच केलं. एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत मी जुन्नरला काष्ठौषधींच्या दुकानात नोकरीला होतो. दारूबंदी लागू होती, तरी ओढ्याकडेला हातभट्टी लागायचीच, आणि दाजी तिथले नेहमीचे. मग एका उन्हाळ्यात त्यांचे डोळे पिवळे झाले, पाय सुजले. अक्कानं त्यांना देवापुढं उभं करून दारूची शपथ घ्यायला लावली. दाजी पुन्हा भट्टीकडे फिरकले नाहीत. गावानं कौतुक केलं.

काविळीचं पथ्य अक्काच्या सासूनं ठरवलं. तेल नाही, तूप नाही, तिखट नाही. दाजींना वास येऊन इच्छा होऊ नये म्हणून घरातली फोडणीच बंद. अक्का त्यांना ज्वारीची पेज द्यायची, ते दोन घोट घेऊन वाटी सारायचे.

मी भेटायला गेलो तेव्हा ते गोठ्यात बसले होते. हात थरथरत होते.

"पावणं, तुमच्या दुकानात लिव्हरवर काय असंल की."

"कुमारी आसव आहे. जेवणानंतर दोन चमचे, पाण्यातून."

"मग आणा. शपथ दारूची हाय, औषधाची न्हाई."

ते हसले. मीही हसलो. आसव आंबवून करतात, त्यात मद्य असतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. दारूबंदीपासून आमच्याकडे आसवाला भलतंच गिऱ्हाईक वाढलं होतं. धडधाकट माणसं बाटली खिशात घालून जायची आणि दुकानात आम्ही म्हणायचो, सरकारनं जुन्नरची पोटं बिघडवली.

अक्काला एकच बाटली माहीत होती. ती स्वतः चमच्यानं मोजून द्यायची. बाकीच्या मी कडब्याच्या गंजीत ठेवायचो. दाजी तिथं जाऊन आले की हात स्थिर व्हायचे, बोलणं सुटायचं, माझी थट्टा करायचे. त्यांचे उपकार होते म्हणून मला नाही म्हणता आलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खरं ते एवढंच नाही. सगळ्या घरात ते माझीच वाट बघायचे, आणि ते मला आवडायचं.

श्रावणात पोट तट्ट फुगलं. आम्ही त्यांना मंचरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "अजून घेतात का?"

"न्हाई डॉक्टर. शपथ हाय त्यांची," अक्का म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. दाजी भिंतीकडे बघत होते.

"नाही," मी म्हणालो.

"मीठ कमी करा. पण बाई, ह्यांना जेवू घाला. डाळ, दूध, अंडं. आधीच उपासानं खंगलेत. आणि दारूचा थेंब पोटात गेला तर माझ्या हातात काही नाही."

घरी आल्यावर सासूनं मीठ तेवढं कमी केलं. जेवू घालायचं म्हणताच ती म्हणाली, "काविळीतलं त्या डॉक्टरला काय कळतंय?"

पोळ्याच्या दिवशी दाजी अक्काला म्हणाले, "आज तरी वरणाला फोडणी दे. एकदाच." तिनं चमचाभर तेलात जिरं आणि लसूण घातला. दाजींनी कितीतरी दिवसांनी अख्खी भाकरी खाल्ली. अक्का दारात उभी राहून बघत होती. जेवण झाल्यावर दाजी गंजीकडे गेले. नवी बाटली मी सकाळीच तिथं ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांना रक्ताची उलटी झाली, आणि दुपारच्या आत ते गेले.

सासू भरल्या अंगणात म्हणाली, "हिनं फोडणी घातली. माझ्या लेकाला तेलानं मारलं." बायकांनी माना डोलावल्या.  अक्कालाही ते पटलं होतं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. सगळे पांगल्यावर मी गंजीतल्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि ओढ्यात फेकल्या.

पुढं एका डॉक्टर मित्राला मी हे सगळं दुसऱ्या कुणाचं म्हणून विचारलं. तो म्हणाला, दारूनं यकृत घट्ट होतं, मग अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटतात. दारू तेव्हाच सुटली असती आणि पोटाला नीट अन्न मिळालं असतं, तर तो माणूस कदाचित आणखी जगला असता. चमचाभर तेलातल्या फोडणीनं असं कुणी जात नाही.

अक्काच्या घरात अजून फोडणी होत नाही. शेजारी तेल तडतडलं की ती खिडकी लावून घेते. मला पांढरं वरण वाढते. "आमच्यात असंच असतंय बाबा, चालंल ना तुला?" आणि माझ्यादेखत भाच्यांना सांगते, "तुमच्या मामानं लई केलं त्यांचं. औषध कधी चुकू दिलं न्हाई." मी मान खाली घालून जेवतो. माझ्या स्वतःच्या घरी फोडणीचा आवाज आला की मला दारात उभी असलेली अक्का दिसते, आणि मी उठून बाहेर जातो.

सासू कधीच वारली. तिच्यासमोर सांगायचं राहून गेलं ते गेलंच. अक्का आहे. दाजी तुझ्या फोडणीनं गेले नाहीत, मी आणलेल्या आसवानं गेले, हे तिला तोंडावर सांगण्याचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.