बेलभंडार न उचललेले आबासाहेब

वैद्य आबासाहेबांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या गुणांवर लिहावे, अशी समितीची आज्ञा आहे. गुण पुष्कळ आहेत. पण त्यांच्याबरोबर पंचायतीत बसून माझे निम्मे केस पिकले, हेही कुठेतरी छापून आले पाहिजे.

त्यांची माझी पहिली भेट मी तापाने फणफणलेला असताना झाली. ते पूजेला बसले होते. देव, अभिषेक, स्तोत्रे, सगळे यथासांग उरकेपर्यंत मी ओसरीवर कुडकुडत पडलो. मग बाहेर येऊन, इतका उशीर का केलात म्हणून त्यांनी मलाच झापले! औषधाचे पैसे मात्र घेतले नाहीत. पुढे माझी पत्नी बाळंतपणात अत्यवस्थ झाली, तेव्हा धो धो पावसातून हेच गृहस्थ बैलगाडीने रातोरात आले. ती आज हयात आहे ती त्यांच्यामुळे. म्हणून त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

स्वराज्य आल्यावर उचगावपलीकडच्या आमच्या गावात पंचायतीची पहिली निवडणूक झाली. आम्ही सातजण निवडून आलो. कायद्यात नसली तरी गावाची एक रीत होती. बेलाचे पान आणि भंडाऱ्याची हळद हातात घेऊन, देवळात शपथ घेतल्याशिवाय कोणी पंच म्हणून चावडीत बसायचे नाही. शपथ द्यायला गावचे पाटील उभे होते. आम्ही पाचजणांनी बेलभंडार उचलला. सहावे पानविक्रेते दस्तगीरभाई. त्यांनी हात पुढे केला, तोच आबासाहेबांनी तो मनगटाला धरला.

"पाटील, ह्यांना ह्यांच्या देवाला स्मरून बोलू द्या. न्हायतर नुसता शब्द घ्या."

दस्तगीरभाईच कासावीस झाले. "वैदजी, जाऊ द्या की! हळद हाय, धुतली की जाईल."

पाटील म्हणाले, "बरं, त्यांचं ऱ्हाऊ द्या. तुमी तर उचला."

"न्हाय. मी उचलला तर हे एकटेच बिनशपथेचे पंच ठरतील. मीबी नुसता शब्द देतो."

आता सांगा, ज्याच्यासाठी भांडायचे तोच नको म्हणतोय, आणि रोज दोन तास देवापुढे बसणारा माणूस देवळात शपथ नाकारतोय! पाटलांनी चावडीला कुलूप ठोकले. गावाने आबासाहेबांना नास्तिक ठरवले आणि त्यांच्या दारचे रोगी आटले. मी हात जोडले, पाया पडायचा बाकी राहिलो. हे ढिम्म. "चावडी बंद हाय, पंचायत न्हाय," म्हणाले आणि आम्हा सगळ्यांना पिंपळाच्या पारावर नेऊन बसवले. उन्हापावसात तिथेच बैठका!

एके दिवशी पारावर तक्रार आली ती खुद्द पाटलांविरुद्ध. त्यांनी पाण्याचा पाट अडवून खालच्या शेतांचे पाणी तोडले होते. पाटील समोर मिशीवर हात ठेवून उभे. आम्ही पाचही शपथवाले आभाळाकडे पाहू लागलो. आबासाहेब नेमके त्या दिवशी चंदगडला रोग्याकडे गेले होते. तेवढ्यात दस्तगीरभाई उठले.

"पाटील, पाट तुमीच अडवलाय. आज सांजच्याला सोडा."

 पाटलांचा मिशीवरचा हात खाली आला. मग "सोडतो" म्हणाले आणि चालू लागले. संध्याकाळी पाणी सुटले. दुसऱ्या दिवशी चावडीची किल्लीही आली, आणि शपथेचे पुन्हा कोणी नाव काढले नाही.

आबासाहेबांना मी हे सगळे रंगवून सांगितले. वाटले, निदान हसतील. ते म्हणाले, "मग? पंचानं आणि काय करायचं असतंय?" आणि सोवळे नेसून आत गेले. अशा माणसाचे काय करावे!

या लेखासाठी परवा दस्तगीरभाईंच्या दुकानी गेलो होतो. ते माझ्यासाठी पान लावत होते. म्हणाले, "लिव्हा गुरुजी. त्या दिशी भ्यालेलो मी. भ्यालेला माणूस कायबी उचलतो. वैदजींनी हात धरला नसता, तर मी पंच झालो असतो, पर पाटलासमोर मला तोंड नसतं."

आबासाहेबांना निरोगी शंभर वर्षे लाभोत. आमच्या डोक्याला आणखी चाळीस वर्षे ताप होईल. होऊ दे.