ग्लुकोजचं पाणी

रोडपालीत आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर आठवड्यातून दोनदा उरणची एक कोळीण मासे घेऊन बसते. मी तिला मावशी म्हणते, ती मला ताई. त्या मे महिन्यात एकदा तिने सात-आठ वर्षांच्या नातीलाही बरोबर आणलं होतं. पोर टोपलीमागे भिंतीला टेकून झोपली होती.

"ऊन लागलंय तिला," बोंबील साफ करता करता मावशी म्हणाली. "चार दिस झाले, नुसती पानी पिते न् मुतते. आज ओकली बी. ग्लुकोजचं पानी पाजतंय, तरी उठत नाय."

माझ्या दहा वर्षांच्या मुलीला टाइप वन डायबेटिस आहे. त्यामुळे ही पोर किती वाळलीय, श्वास किती जोरात घेतेय, हे मला लगेच दिसलं. मी फोन करून मुलीला साखर मोजायचं मशीन घेऊन खाली बोलावलं. मावशी चिडली. "साकरेचा रोग म्हाताऱ्यांना होतो, गोड खाऊन. आमच्याकडं गोड कोन खातं?"

हे मी नातेवाइकांकडून ऐकलंय, एका शिकल्यासवरल्या शिक्षिकेकडूनही ऐकलंय, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "आजी, मलाही गोड खाऊन नाही झालं. माझ्या अंगात इन्सुलिन बनायचंच थांबलं. म्हणून मी रोज सुई घेते." टी-शर्ट जरा वर करून तिने पोटावरच्या खुणा दाखवल्या. मावशीने नातीचं बोट पुढे केलं.

मशीनवर आकडा आलाच नाही. साखर त्याच्या मापाच्याही वर गेली की असंच होतं.

"मासे कोन बघंल?" मावशीने विचारलं.

"कुत्री खातील," मी म्हणाले आणि रिक्षा थांबवून आम्ही चौघी निघालो.

हॉस्पिटलात सलाइन आणि इन्सुलिन सुरू झालं. उद्यावर टाकलं असतं तर पोर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी तिने डोळे उघडल्याचं नर्सने सांगितलं, तेव्हा बाहेरच्या बाकावर मावशी पहिल्यांदा रडली. "माज्याच हातानं साकर पाजली मी तिला."

मी हे कुणाजवळ बोलले नव्हते, नवऱ्याजवळही नाही.

"मीपण पाजली होती, मावशी. माझ्या पोरीला. तीन दिवस. लहान मुलांनाही हा रोग होतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

माझी मुलगी शेजारीच बसून ऐकत होती. समोरच्या बाकांवर इतर मुलांच्या आया होत्या. मी मुलीचा हात धरला आणि सगळं पहिल्यापासून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पुन्हा सांगितलं.