काडतुसांचा भाव आणि आमचे सुभेदार

माझ्या सासऱ्यांच्या भुईमुगाचं एक अख्खं पीक रानडुकरांनी खाल्लं, आणि त्याला बाजारभावाचा माझा अभ्यास कारणीभूत होता.

हा अभ्यास मी सांगलीच्या हळदीच्या पेठेत केला. साखर, रॉकेल आणि डालडा यांच्यासाठी रांगा लावायची सत्तरच्या दशकातली ती वर्षं. मी एका पेढीवर नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. सौद्याच्या वेळी व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. त्या व्यवहारात माझा अगदी जवळून सहभाग असे. (सौदा संपला की रुमालाची घडी मी घालत असे.) तेवढ्यावर माझी खात्री झाली की, भाव कधी चढतो आणि कधी पडतो हे आपल्याला नुसत्या वासावर कळतं!

लग्नही नुकतंच झालं होतं. सासुरवाडी जावळीत, मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. सासरे फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले. पीक राखायच्या परवान्यावर घेतलेली एकनळी, बारा बोअरची बंदूक त्यांच्याकडे होती. भुईमूग भरला की डोंगरातनं रानडुकरं उतरायची, सुभेदार एक बार काढायचे, डुकरं परत जायची. दोन्ही बाजूंना शिस्त होती. त्या शिस्तीत मी हात घातला.

त्या उन्हाळ्यात साताऱ्यात काडतुसं मिळेनाशी झाली. सुभेदार एस्टीनं सांगलीला आले. मी त्यांना बंदुकीच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदारानं भाव सांगितला. सुभेदारांचा हात खिशाकडे गेला. तो मी वरच्यावर धरला.

"मामा, थांबा!"

"का वं?"

"टंचाईचा भाव आहे हा. आत्ता जो घेईल तो बुडाला. महिन्याभरात कोसळतो की नाही बघा!"

"तुमाला कसं कळलं?"

"हळदीचं असंच असतं."

"पर ही काडतुसं हायती," सुभेदार म्हणाले.

"माल तो माल, मामा!"

नव्या जावयाचा शब्द मोडू नये म्हणून (फौजेत त्यांनी याहून वाईट हुकूम पाळले असणार) ते रिकाम्या पिशवीनं परत गेले.

महिनाभरानं भाव दीडपट झाला. सुभेदार पुन्हा आले. एस्टीतून उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं, "काय म्हनतीया हळद?"

"हे शेवटचं टोक आहे, मामा. इथून खालीच!"

दुकानाबाहेर आमच्या पुढं आटपाडीकडचा एक मेंढरंवाला उभा होता. लांडग्यांनी त्याला बेजार केलं होतं. तो मागं वळून म्हणाला, "पावनं, हितनं फुडं दिवाळीपातुर माल न्हाई म्हनं!" आणि आत जाऊन परवान्यावर मिळतील तेवढी सगळी काडतुसं घेऊन गेला.

माझा अभ्यास जागच्या जागी उलटा फिरला.

"मामा, घ्या!"

"किती?"

"परवान्यावर बसतील तेवढी सगळी!"

"आवं, मी वर्साला आठ-धा बार काढतो."

"टंचाईत शहाणा माणूस साठा करतो!"

"मागल्या म्हयन्यात शाना मानूस थांबला हुता की."

"तेव्हाचा भाव वेगळा होता!"

"व्हय. तवा कमी हुता."

मी आवाज चढवला. सुभेदारांनी रेडकू विकून आलेले पैसे काढले आणि मुकाट्यानं मोजून दिले.

साठा केला की तो लपवावा लागतो. (हेही पेठेतच शिकलो होतो.) मी स्वतः मेढ्याला जाऊन काडतुसांची खोकी गोठ्याच्या माळ्यावर, पेंढ्याखाली दडवली. सासूबाई खालून बघत होत्या.

"जावईबापू, तितं गळतंय वं."

"थोडंफार चालतं, मामी."

हळदीला ते चालत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ही काडतुसं होती.

नागपंचमीला बायकोला घेऊन पुन्हा गेलो. सुभेदार एस्टी थांब्यावर न्यायला आले होते.

"साताऱ्यात काडतुसं आली," ते म्हणाले.

"अरे वा! आणि भाव?"

"पडला."

एवढं सांगून ते घराचा चढ चढायला लागले. फौजी माणूस. जखमेबद्दल बोलत नाही.

मला मात्र गप्प बसवेना. शेंगा भरायला लागल्या तसा मी रजा काढून बायकोसह पुन्हा सासुरवाडीला हजर झालो. महाग घेतलेल्या काडतुसांचा पैसा वसूल करायची युक्ती मी शोधून काढली होती. एका डुकरावर एक काडतूस घालवायचं नाही. दोन डुकरं एका रेषेत आली, तरच बार!

"दोन?" सुभेदार म्हणाले.

"म्हणजे काडतूस निम्म्या भावात पडलं!"

त्या संध्याकाळी आम्ही दोघं रानातल्या माचाणावर बसलो. पुरेसा उजेड होता. ओघळीतनं एक डुक्कर बाहेर आलं.

"आलं," सुभेदार कुजबुजले.

"दुसरं येऊ दे."

दुसरं आलं. ते पहिल्याच्या डावीकडे उभं राहिलं.

"रेषेत नाही, मामा."

तिसरं आलं, चौथं आलं, मागनं पिल्लं आली. सगळी ऐसपैस पांगून भुईमूग उकरायला लागली. एका रेषेत म्हणून उभं राहीना! शेंगा फुटल्याचा आवाज माचाणावर स्वच्छ ऐकू येत होता.

"जावईबापू, अर्धा वाफा गेला."

"जरा धीर धरा. बाजार असाच फिरतो."

आणि खरोखर फिरला. दोन दांडगी डुकरं एकामागं एक येऊन अशी उभी राहिली, जशी काही परेडला! सुभेदारांनी (मी तोवर भरू न दिलेली) बंदूक उघडली, काडतूस घातलं. ते अर्ध्यावर जाऊन अडकलं. ते उपसून दुसरं घातलं. तेही अडकलं. तिसरं तर नळीच्या तोंडातच शिरेना.

त्या काळी काडतुसांची नळी जाड कागदाची असे. जावळीचा पाऊस आणि गोठ्याचा माळा, दोन्हींनी आपलं काम चोख केलं होतं. मी भाव फुगायची वाट बघत होतो. फुगली काडतुसं!

सुभेदारांनी बंदूक मांडीवर ठेवली. "हाड्!" ते डुकरांना म्हणाले. डुकरांनी वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोणी उठायच्या आत चूक सुधारायला घेतली. ओली वस्तू वाळवावी, एवढं तर कोणालाही कळतं. बाहेर झड लागलेली. म्हणून मी एका सुपात सगळी काडतुसं नीट पसरली आणि सूप चुलीच्या शेजारी, वैलाला (जोडचुलीला) लागून ठेवलं. मग चूळ भरायला बाहेर गेलो.

सासूबाईंनी उठून चूल पेटवली. वर भात ठेवला. थोड्या वेळानं सुभेदार चहा मागायला आत आले आणि सुपाकडे बघून दारातच थांबले.

"ह्ये काय हाय?"

"जावईबापूंनी कायतरी वाळत घातलंय," सासूबाई म्हणाल्या. "म्या न्हाई हात लावला. त्येंचं त्येंना ठावं."

सुभेदारांचा असा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "सगळी भायेर! लेट जाव!"

पुढच्या क्षणी सारं घर अंगणातल्या चिखलात पालथं पडलं होतं. सासूबाई, माझी बायको, मी (पाटलोण सांगलीची, नवी), आणि सुभेदार कोपरांवर. शेजारच्या तात्यांनी कुंपणावरून डोकावून विचारलं, "सुभेदार, काय झालं वं?"

"लेट जाव!"

तात्याही आडवे झाले. (सुभेदारांचा हुकूम गावात कोणी मोडत नसे.) हळूहळू आळीतली निम्मी माणसं आपापल्या अंगणात पडली. पाऊस पडत होता. स्फोट होत नव्हता. सूप आणायला आत कोणी जायचं, यावर चर्चा सुरू झाली.

"मी जातो," मी म्हणालो आणि पडूनच राहिलो.

"तुमी न्हाई," सुभेदार म्हणाले. "तुमी तितं बी थांबायचं म्हनाल."

एवढ्यात आतून करपल्याचा वास आला. सासूबाई उठल्या, लुगडं झटकलं.

"अगं, खाली पड!" सुभेदार ओरडले.

"भात लागला माजा!" असं म्हणून त्या आत गेल्या. आधी भात उतरवला, मग सूप उचलून बाहेरच्या कट्ट्यावर आणून ठेवलं आणि आमच्याकडे बघून म्हणाल्या, "च्या घेनार का आसंच पडनार?"

आम्ही उठलो. चहा घेऊन रानात गेलो. सगळी माणसं घरी पालथी पडल्यामुळं राखणीला कोणीच नव्हतं, आणि डुकरांनी उरलेला भुईमूग दिवसाढवळ्या उरकला होता. बांधावर टरफलांचा ढीग पडला होता. सुभेदारांनी तो काठीनं जरासा हलवला आणि म्हणाले, "सांगलीची गाडी किती वाजता हाय?"

माझ्या कामगिरीच्या मानानं हा अपमान फार सौम्य होता. त्याहून नवल म्हणजे पुढं त्यांनी माझा सल्ला घेणं सोडलं नाही. उलट वाढवलं! खत असो, बैल असो, विहिरीवरचं इंजिन असो, माझं मत विचारल्याशिवाय ते व्यवहार करत नसत. कैक वर्षं मी छाती काढून फिरलो. शेवटी एकदा सासूबाईंनीच कौतुकानं सांगितलं, "तुमी घ्या म्हनलासा की त्ये थांबत्यात, आन् थांबा म्हनलासा की घेत्यात. लय बरकत आली बगा तुमच्यामुळं!"

त्याच दिवशी जेवताना सुभेदारांनी विचारलं, "औंदा आलं लावावं म्हन्तो. काय वाटतं?"

मला मनातून वाटत होतं, लावावं. म्हणजे त्यांनी लावावं यासाठी मी उलटं बोललं पाहिजे. म्हणून मी मुद्दाम मान हलवून म्हणालो, "छे छे! मुळीच लावू नका, मामा."

त्यांनी लगोलग लावलं. त्या वर्षी आल्याचा भाव असा कोसळला की, लोकांनी ते खणून काढायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. उभ्या जन्मात मी दिलेला तेवढा एकच सल्ला बरोबर निघाला, आणि तोही मला स्वतःला पटलेला नव्हता!